दोन्ही फौजांची शिंपीण

राजा रिचर्ड आणि सुलतान सलादीन या दोघांच्या कमरेची मापं ज्या बाईच्या वहीत समोरासमोरच्या पानांवर लिहिलेली होती, त्या प्रमोदिनीबाई रणदिवे कार्डिफच्या उत्तरेला, चढावरच्या एका घरात राहतात. वय सत्तर. उंची पाच फुटांना एक बोट कमी. गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला मापाची टेप असते आणि कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या तरी ती काढायचं त्यांच्या लक्षात राहत नाही.

जन्म इचलकरंजीचा. चारी बाजूंनी मागांचा खडखडाट, त्यामुळे बोलण्याआधी त्यांना कापड कळायला लागलं असं त्यांची आई सांगायची. १९७९ साली लग्न होऊन त्या इथे आल्या. यजमान हरीशराव इथल्या एका सरकारी हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबमध्ये होते. दोन वर्षांनी त्याच हॉस्पिटलच्या शिवणखोलीत प्रमोदिनीबाईंना नोकरी लागली आणि पुढची एकतीस वर्षं त्यांनी चादरी, पडदे, डॉक्टरांचे कोट आणि पेशंटचे पाठीमागून उघडे असणारे ते गाऊन शिवले. त्या गाऊनमध्ये त्यांनी बँकेचे मॅनेजर पाहिले, न्यायाधीश पाहिले, एकदा तर खुद्द हॉस्पिटलचे मोठे साहेब पाहिले. तेव्हापासून माणसाच्या रुबाबाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. रुबाब किती मीटरचा आणि त्याला नाडी कुठे लागते, एवढंच त्या बघतात.

त्यांचं इंग्रजी उत्तम, त्याला कार्डिफचा खास हेलही आहे. पण ते इंग्रजी गरज पडली की आजारी पडतं. टेलिफोनवर काही विकायला बसलेला माणूस असो की आगाऊ शेजारीण, बाईंना अचानक क्रियापदं सापडेनाशी होतात. समोरचा माणूस मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागतो, मग कंटाळतो, मग जातो. हरीशरावांना हे सगळं माहीत आहे. अशा वेळी ते पेपर वर धरून तोंड झाकतात.

निवृत्तीनंतर हरीशरावांनी लायब्ररीतल्या फळ्यावर एक चिठ्ठी पाहिली. इतिहासातल्या लढाया हौसेनं करून दाखवणारं एक मंडळ होतं, त्यांना माणसं हवी होती. हे मंडळ दर ऑगस्टमध्ये, कार्डिफच्या पश्चिमेला समुद्राकडे उतरत जाणाऱ्या एका गावात, पडक्या किल्ल्याशेजारच्या माळावर क्रूसेडची लढाई लढायचं. जेरुसलेमसाठी ख्रिस्ती राजे आणि मुसलमान सुलतान यांच्यात झालेली ती जुनी धर्मयुद्धं, त्यातली ११९१ सालची अर्सुफची लढाई. इंग्लंडचा राजा रिचर्ड विरुद्ध सुलतान सलादीन. वेल्सचा याच्याशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर मंडळाचं माहितीपत्रक पुढे यायचं. ११८८ साली खुद्द आर्चबिशप या युद्धासाठी माणसं गोळा करत वेल्सभर फिरले होते. कार्डिफजवळच्या लॅन्डाफलाही आले होते, आणि तिथे त्यांच्यासमोर एका बाजूला इंग्रज व दुसऱ्या बाजूला वेल्श लोक उभे राहिले होते.

हरीशरावांनी अर्जावर आडनाव पुरतं लिहिण्याआधीच त्यांच्या हातात सारासेनचा फेटा आला. सारासेन म्हणजे सुलतानाकडचे सैनिक. आडनाव रणदिवे, पण लढाई सुरू झाल्यापासून पाचव्या मिनिटाला हे धारातीर्थी पडायचे आणि पुढची पस्तीस मिनिटं गवतावर डोळे मिटून पडून राहायचे. त्यांना याचं काहीच वाईट वाटत नव्हतं. वर्षातली सगळ्यात चांगली झोप तीच, असं ते म्हणत.

नवऱ्याचा तो विटका, उसवलेला फेटा बघून प्रमोदिनीबाई सुई घेऊन मंडळात शिरल्या आणि तिथल्याच झाल्या. पहिल्याच बैठकीत माहितीपत्रकातली एक गोष्ट त्यांना फार आवडली. आर्चबिशपचं भाषण ऐकून हे-ऑन-वाय नावाच्या गावी पुरुष युद्धावर जायला धावले, तेव्हा बायकांनी त्यांचे झगे धरून ठेवले, तर झगे बायकांच्या हातात सोडून पुरुष पळाले. सगळे हसले. प्रमोदिनीबाईंनी हात वर करून विचारलं की मग त्या झग्यांचं पुढे काय केलं. अध्यक्षांनी 'पुढचा विषय' म्हटलं.

अध्यक्ष होते ग्रॅहम प्रॉसर. सहा फूट दोन इंच, छाती अठ्ठेचाळीस, वय एकाहत्तर. मंडळ त्यांनीच काढलं होतं आणि चौदा वर्षं राजा रिचर्ड तेच व्हायचे. एरवी केस पांढरे, पण ऑगस्टमध्ये तांबूस. निवृत्त होण्यापूर्वी ते ड्रायव्हिंगची परीक्षा घ्यायचे. अर्ध्या कार्डिफला त्यांनी नापास केलेलं होतं आणि त्यात प्रमोदिनीबाईही होत्या. १९८६ साली, एकाच वर्षात तीन वेळा. तिन्ही वेळा कारण एकच, 'नको तिथे थबकणे'. चौथ्या खेपेला दुसरा परीक्षक आला आणि बाई पास झाल्या. प्रॉसरांना यातलं काहीही आठवत नव्हतं. प्रमोदिनी हे नाव त्यांना म्हणता यायचं नाही, म्हणून ते बाईंना 'पॅम' म्हणत. बाईंनी ते अकरा वर्षं चालू दिलं होतं.

फेब्रुवारीतल्या बैठकीत समर उठून उभा राहिला. समर नागपूरचा, तेहेतीस वर्षांचा, विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा. घरापासून लांब असलेली मुलं रविवारी जशी कुणा काकूंकडे जेवायला येतात, तसा तो रणदिव्यांकडे यायचा. शाळेत दांडपट्टा शिकलेला होता, तलवार त्याच्या हातात शोभायची. तीन वर्षं तो सारासेन होता, आणि त्यानं अगदी नम्रपणे विचारलं की या वर्षी रिचर्डच्या सरदारांपैकी एक होता येईल का.

प्रॉसर वाईट माणूस नव्हते. त्यांनी समरच्या उत्साहाचं कौतुक केलं, तलवारीचंही केलं. मग म्हणाले की बघणाऱ्यांना ते खरं वाटायला हवं.

मंडळात सोळा क्रूसेडर होते, सगळे गोरे. बारा सारासेन होते, सगळे सावळे. एक अपवाद म्हणजे आइस्क्रीमच्या दुकानाचा इटालियन मालक. तो उन्हात लवकर रापतो म्हणून त्यालाही फेटा बांधला होता.

मागच्या खुर्चीवर पायघोळ अंगरख्याची शिवण उसवत बसलेल्या प्रमोदिनीबाईंनी मान वर केली आणि रिचर्ड राजाला इंग्रजी येत होतं का, असं विचारलं. प्रॉसर म्हणाले, राजा मुख्यतः फ्रेंच बोलायचा.

"तुम्हाला येतं?"

"थोडंफार. रेस्टॉरंटपुरतं."

"समरला येतं. कंपनीनं शिकवलंय. आणि या लढाईच्या दिवशी राजा तेहेतीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी चौतीस पूर्ण झाली. तुमच्याच पत्रकात आहे."

लोक हसले, प्रॉसरही हसले आणि पॅमला बरं पाठ आहे म्हणाले. मग पुढचा विषय. समर खाली बसला. त्या रविवारी तो जेवायला आला तेव्हा नेहमीसारखी दुसरी वाटी आमटी मागितली नाही, हे बाईंच्या लक्षात आलं.

मार्चमध्ये पावसानं प्रॉसरांच्या गॅरेजचं छप्पर गळलं. मंडळाचे सगळे कपडे तिथेच खोक्यांत होते. बाईंना बोलावलं तेव्हा त्यांनी एक अंगरखा नुसता चिमटीत धरून उचलला आणि तो मधोमध फाटून खाली पडला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पोशाख नव्यानं शिवायचे ठरले. कुणी काय व्हायचं ती यादी प्रॉसरांनी टाइप करून दिली. बाईंनी ती नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. पुढे ती तिथेच राहिली.

एप्रिलभर माणसं त्यांच्याकडे मापं द्यायला आली. मापं त्या मराठीत लिहायच्या, त्यामुळे वहीत डोकावून कुणाला काही कळणं शक्य नव्हतं. प्रॉसर आले, दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि गप्पांच्या ओघात म्हणाले की एकदा पाहिलेला चेहरा मी कधी विसरत नाही. बाई खुर्चीवर चढून त्यांच्या खांद्याचं माप घेत होत्या. "असं का," म्हणाल्या आणि टेप जरा घट्ट ओढली.

मग मशीन सुरू झालं. लोखंडी कड्यांचं चिलखत परवडत नाही, म्हणून बाई ते करड्या लोकरीचं जाड विणायच्या आणि वरून चंदेरी रंग मारायच्या. दहा फुटांवरून कुणाला ओळखू येत नाही. जूनमध्ये हरीशरावांनी खुंटीवर एक झगा पाहिला. छातीवर सोनेरी सिंह, म्हणजे राजा रिचर्डचा. पण त्याचा मुंढा, म्हणजे बगलेचा घेर, बघून ते घुटमळले.

"अगं, हा सिंह समरच्या मापाच्या झग्यावर कसा बसला?"

"सिंहालाच विचारा."

हरीशरावांनी बाजूच्या खुंट्याही बघितल्या. चिलखतं सगळी सावळ्या मंडळींच्या मापाची. सलवारी आणि अंगरखे सगळे सहा-सहा फुटी. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"मी कधी मरतो?" त्यांनी विचारलं.

"पाचव्याच मिनिटाला. त्यात बदल नाही."

"मग ठीक आहे," म्हणून ते पेपर वाचायला गेले.

क्रूसेडरांच्या पांढऱ्या झग्यांवर लाल क्रूस असतो. तो बाईंनी मुद्दाम कच्च्या टाक्यांनी लावला होता. ज्याच्या मनाला पटणार नाही त्यानं दोरा ओढला की क्रूस हातात यावा, झग्याला खूणही राहू नये. हा विचार त्यांनी फैजलसाठी केला होता. फैजल चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासायचा. त्याचे आजोबा येमेनहून बोटीवर कामाला लागून कार्डिफच्या गोदीत उतरले आणि इथलेच झाले. चौदा वर्षं मंडळाचा सुलतान सलादीन म्हणजे फैजल.

सगळ्यात जास्त वेळ बाईंनी सुलतानाच्या अंगरख्याला दिला. त्यांचा लग्नातला शालू पंचेचाळीस वर्षं मलमलीत गुंडाळलेला होता. गडद हिरवा, अंगभर जरीचे बुट्टे, वीतभर काठ. रीडिंग गावी राहणाऱ्या लेकीला विचारलं तर ती म्हणाली, आई, मी कुठे नेसणार. बाईंनी तो टेबलावर पसरला आणि कात्री बाजूला ठेवून दोन दिवस नुसता बघितला. तिसऱ्या दिवशी कापला. शिवताना त्यांचा हिशेब सरळ होता. माणूस चिडतो तो कपड्यामुळे नाही, आपण कसे दिसतो त्यामुळे. म्हणून लढाईच्या दिवशी व्हॅनमध्ये पोशाखांबरोबर घरातला पुरुषभर उंचीचा आरसाही चढला. तो हरीशरावांनी मुकाट्यानं वाहून नेला.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी माळावर चारेकशे लोक आले होते. समुद्राकडून वारा सुटला होता, तंबूंच्या कनाती फडफडत होत्या. खेळ दोनला. पोशाखांच्या पिशव्या बाईंनी साडेबाराला वाटल्या, प्रत्येक पिशवीवर मोठ्या अक्षरात नाव लिहिलेलं. मग त्या घडीच्या खुर्चीवर बसल्या आणि थर्मासमधला चहा ओतला.

तंबूत पिशव्या उघडल्या. मग पाच-सहा माणसं एकदम बोलायला लागली. मग बनियन आणि मोज्यांवर प्रॉसर बाहेर आले. हातात हिरवा अंगरखा होता. केस तांबूस रंगवलेले, आणि तो रंग मानेवरही थोडा ओघळलेला. त्यांना तसं बघून प्रमोदिनीबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. प्रॉसरांची बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. हा एक दिवस सोडला तर घरी त्यांना वाट बघण्यासारखं फारसं काही नव्हतं, हे सगळ्या मंडळाला माहीत होतं. आपण जरा जास्तच केलं की काय, असं बाईंना वाटलं. तेवढ्यात प्रॉसर मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागले.

"पॅम. हे. माझं. नाही."

बाईंचं इंग्रजी तिथल्या तिथे आजारी पडलं. नाव बरोबर, माप बरोबर, आपण फक्त शिवतो, वय झालं, वहीची पानं मागेपुढे झाली असतील, असं त्या हातवारे करून तुटक शब्दांत सांगत राहिल्या. प्रॉसर तरातरा जाऊन समरकडून सिंहाचा झगा घेऊन आले आणि डोक्यातून घालायला लागले. तो कानांपर्यंत आला आणि अडकला. दोन सरदारांनी दोन बाजूंनी धरून त्यांना त्यातून ओढून काढलं. बाकीच्यांनीही अदलाबदल करून पाहिली. नव्या कपड्यांत उंच माणसं शिरत नव्हती आणि बुटकी माणसं हरवत होती. घड्याळात सव्वा वाजला होता.

बाई उठल्या. निदान हा अंगरखा एकदा अंगावर टाकून बघा, लांबी कळली तर पुढच्या वर्षी दुरुस्त करता येईल, एवढंच म्हणाल्या. प्रॉसरांनी तो चढवला. बाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना आरशासमोर उभं केलं.

प्रॉसर आरशात बघत राहिले. वळून बाजूनं बघितलं. मग दुसऱ्या बाजूनं. बाहीचा काठ उन्हात चमकला, तसा त्यांनी हात थोडा वर-खाली केला. चौदा वर्षं त्यांनी लोकरीचं चिलखत घातलं होतं, त्यात माणूस ओल्या मेंढीसारखा दिसतो.

"सलादीनला दाढी होती ना?" त्यांनी विचारलं.

दाढी बाईंच्या पर्समध्ये तयार होती.

तिकडे फैजल आपल्या पांढऱ्या झग्यावरचा क्रूस बोटानं चाचपत होता. बाईंनी जवळ जाऊन त्याला कच्च्या टाक्यांचं हलक्या आवाजात सांगितलं. त्यानं दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि सोडून दिलं. मग हसून म्हणाला की राहू दे, एक दिवस त्यांच्या बाजूनं बघतो. हरीशरावांनीही विचारलं, माझा काढू का. बाई म्हणाल्या, तुम्ही पालथेच पडणार, कुणाला दिसतोय.

खेळाचं वर्णन माइकवरून गावातले एक शिक्षक वाचायचे. दरवर्षी तोच कागद. त्यांनी सुरुवात केली: राजा रिचर्ड येत आहे, उंच, गोरा, तांबूस केसांचा. आणि समर माळावर आला. शिक्षकांनी कागदावरून डोळे वर केले. समर पाच फूट चार इंच. "राजा रिचर्ड येत आहे," ते पुन्हा म्हणाले आणि तिथेच थांबले.

पहिला प्रवेश राजाच्या आजारपणाचा. तंबूत राजा तापानं फणफणलेला आहे आणि शत्रू असूनही सुलतान त्याला फळं आणि बर्फ पाठवतो. त्या काळच्या लोकांनी तसं खरंच लिहून ठेवलेलं आहे. मंडळाच्या खेळात मात्र सुलतान स्वतःच तबक घेऊन यायचा. तुतारी वाजली तशी चौदा वर्षांच्या सवयीनं प्रॉसर खाटेकडे गेले आणि अंगरखा सावरत आडवे व्हायला लागले. खाटेवर समर आधीच होता. लोक खो-खो हसले. समरनं उशीआडून हळूच सांगितलं, "सर, तुम्ही बरे आहात. मी आजारी आहे."

प्रॉसर परत गेले आणि तबक घेऊन आले. तबकात पीच आणि आइस्क्रीमच्या गाडीवरून मागून आणलेला बर्फ. फैजल हा प्रवेश झटपट उरकायचा, कारण त्याला वाक्य एकच होतं. प्रॉसरांना झटपट जाताच येईना. शालूच्या घेरात लांब पाऊल पडत नव्हतं. दोन्ही हातांत तबक धरून, एकेक पाऊल टाकत, हा उंच म्हातारा सुलतान सगळा माळ ओलांडून आला. हसणारी माणसं हळूहळू गप्प झाली. खाटेपाशी तो थांबला आणि जे वाक्य त्यानं चौदा वर्षं खाटेवर पडून ऐकलं होतं ते म्हणाला, "राजा बरा होईपर्यंत माझी तलवार म्यानात राहील."

मग त्यानं खेळात नसलेली एक गोष्ट केली. तबक ठेवून वाकला आणि समरच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

चारशे लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. ड्रायव्हिंगची परीक्षा घेणाऱ्याला आयुष्यात कुणी टाळ्या वाजवत नाही. रिचर्ड म्हणूनही त्यांना आजवर मिळाल्या त्या खेळ संपल्यावर, सगळ्यांच्या वाटणीतल्या. प्रॉसर तिथेच उभे राहिले. त्यांची दाढी वाऱ्यानं एका बाजूनं सुटत होती आणि त्यांना ते कळत नव्हतं. खुर्चीत बसलेल्या प्रमोदिनीबाईंचा चहा गार झाला.

मग लढाई. क्रूसेडरांनी लॅटिनमधली घोषणा द्यायची असते. समरला ती तासाभरात पाठ करायला लागली होती. तलवार उपसून तो पुढे झाला आणि ऐन वेळी लॅटिन विसरला. तोंडातून आलं ते नागपूरचं: "चला बे!"

मागच्या अकरा जणांना वाटलं हेच ठरलंय. फैजल, त्याचे दोन मावसभाऊ, आइस्क्रीमवाला, सगळे "चला बे!" ओरडत उतारावरून धावले. प्रेक्षकांतल्या एका गृहस्थांनी बायकोला सांगितलं की ही जुनी फ्रेंच आहे. फेटे बांधलेल्या सोळा जणांची तर धांदलच उडाली. हल्ला म्हटलं की कुठल्या दिशेला धावायचं ते त्यांच्या पायांना ठाऊक होतं, आणि ती दिशा आज त्यांच्याच छावणीची होती. निम्मे स्वतःच्या तंबूवर चालून गेले, निम्मे त्यांना अडवायला. हरीशराव पाचव्या मिनिटाला चोख पडले आणि सातव्या मिनिटाला घोरायला लागले.

शेवटी सुलतान हरून पळतो असं लिहिलेलं होतं. प्रॉसर पळेनात. टाळ्या मिळालेला माणूस कसा पळणार. ते संथपणे, मान ताठ ठेवून, काठ सावरत माळावरून निघाले. त्यांचा पाठलाग करणाऱ्या विजयी फौजेला मग त्याहून संथ चालावं लागलं. फैजल शेवटी बाईंच्या शेजारी येऊन गवतावर बसला.

"चौदा वर्षं माझ्या घरावर हे चालून यायचे आणि पळायचो मी," तो म्हणाला. "आज जरा दम लागला, पण बरं वाटलं."

खेळ संपल्यावर कुणी तरी माइकवाल्या शिक्षकांना विचारलं की यंदा हे असं का. शिक्षक म्हणाले, संशोधन पुढे जातंय.

ऑक्टोबरच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत 'पोशाखांचा गोंधळ' असा तिसरा विषय होता. बैठकीआधी चहाच्या टेबलापाशी प्रॉसरांनी बाईंना गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, "पॅम, ती चूक होती का?"

प्रमोदिनीबाईंनी कप खाली ठेवला. "नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या इंग्रजीला काहीही झालेलं नव्हतं. "लोकांना खरं वाटायला हवं, असं तुम्ही समरला म्हणालात. काय खरं वाटतं ते मला बघायचं होतं. तुम्ही बनियनवर बाहेर आलात तेव्हा मला वाईट वाटलं, तेही सांगून टाकते. आणि माझं नाव प्रमोदिनी आहे. हातभर लांबीची वेल्श गावं तुम्ही एका दमात म्हणता. ही तर चार अक्षरं."

प्रॉसरांनी हातातलं बिस्किट ताटलीत परत ठेवलं. बाईंना वाटलं आता मंडळातून नाव कटणार. मग ते पुटपुटायला लागले. पहिल्या खेपेला 'प्रोमोडिनी' झालं, दुसऱ्या खेपेला मध्येच अडकले, तिसऱ्या खेपेला जवळपास आलं. बाईंनी मान डोलावली.

बैठकीत त्यांनी तिसरा विषय स्वतःच मांडला. यापुढे ज्याला जे व्हायचं त्यानं हात वर करावा, रंग बघायचा नाही, असं सुचवलं आणि ते मंजूर झालं. समरनं रिचर्डसाठी हात वर केला. प्रॉसर म्हणाले, सुलतान मात्र मीच. त्यावर फैजल उठला. माझी चौदा वर्षांची गादी आहे, दुसऱ्या बाजूनं बघून झालं, आता मला परत हवी, असं तो म्हणाला. एका सिंहासनावर दोन सुलतान झाले आणि दोघंही हटेनात. जेरुसलेमसाठी एवढा वेळ कुणी भांडलं नसेल. अखेर दिवसात दोन खेळ करायचे ठरलं, सकाळी फैजल आणि दुपारी प्रॉसर, आणि फैजलसाठी दुसरा तसाच अंगरखा हवा, हे काम बाईंच्या गळ्यात पडलं. शालू तर एकच होता. त्यांनी इचलकरंजीच्या भाचीला फोन लावला.

आता प्रॉसर दर गुरुवारी रणदिव्यांकडे तालमीला येतात. तबक म्हणून चहाचा ट्रे घेतात आणि अंगरखा घालून दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत पावलं मोजत चालतात. कोचावर आजारी राजा म्हणून हरीशराव पडतात. ते या कामाला एका पायावर तयार झाले. गेल्या गुरुवारी ताजे पीच मिळेनात, म्हणून हरीशरावांनी डब्यातले काढून दिले. प्रॉसर कपाळाला हात लावायला वाकले तसा पीचचा पाक शालूच्या बाहीवर सांडला. प्रमोदिनीबाई त्यांना चांगलंच बोलल्या, आणि सुलतान निमूटपणे सिंकपाशी जाऊन, बाही वर धरून उभे राहिले.